पंचमावर थांबलेला प्रश्न

फेब्रुवारी १९७७. रात्रीची वेळ आहे आणि तुम्ही बडोदा स्टेशनच्या फलाटावर गुजरात मेलची वाट पाहत उभे आहात. शहराचं अधिकृत नाव वडोदरा होऊन तीन वर्षं झाली, पण दांडिया बाजारात, रावपुऱ्यात मराठी घरांतून अजून ‘बडोदं’च म्हणतात. तुम्ही अशाच एका घरातले. घरात मराठी, बाजारात गुजराती, वर्गात इंग्रजी आणि संध्याकाळी सुरसागराच्या काठच्या संगीत महाविद्यालयात ब्रज-उर्दू शब्दांच्या बंदिशी. दिवसभरात चार भाषांतून ये-जा करायची तुम्हाला इतकी सवय आहे की त्यात काही विशेष आहे असं कधी वाटलेलंच नाही. पुढे वाटेल.

गाडी येते. डब्यात निवडणुकीशिवाय दुसरा विषय नाही. जानेवारीत लोकसभा बरखास्त झाली, मार्चमध्ये मतदान आहे, तुरुंगातून सुटलेले नेते सभा घेत फिरतायत. आणीबाणीत दीड वर्षाहून जास्त काळ आवाज दाबून बोललेली माणसं आज एकमेकांचं बोलणं तोडून बोलतायत. भरूच गेलं, सुरत गेलं, तुम्हाला डुलकी लागते. सकाळी मुंबई सेंट्रल, तिथून दादर, दादरहून खोपोलीची एसटी. पनवेल, चौक, खालापूर. डोंगर जवळ येत जातात, भात काढून झालेली शेतं कोरडी पडलीयत, आंब्याला मोहोर आहे. खालापूरच्या पुढे हाळ नावाच्या गावापाशी तुम्ही उतरता. जिल्हा कुलाबा, त्याला ‘रायगड’ हे नाव मिळायला अजून चार वर्षं जायची आहेत.

गावाबाहेर माणसांचा समुद्र लोटलाय. जवळपासच्या गावांतले लोक साधूंच्या, भक्तांच्या वेशात उभे आहेत. मोठाले कॅमेरे, ट्रॉलीचे रूळ, केबलांची भेंडोळी, छत्र्या धरलेली पोरं. या सगळ्याच्या मध्यभागी तीस वर्षांचा एक दाढीवाला अमेरिकन तरुण हात हलवत काहीतरी समजावतोय. त्याचं नाव स्टीव्हन स्पीलबर्ग. दोन वर्षांपूर्वी त्याच्या ‘जॉज’ने जगभरच्या माणसांना समुद्रात पाय घालायची भीती घातली. कॅमेऱ्याशी उभे आहेत इंग्लंडचे डग्लस स्लोकोम्ब. या चित्रपटाचा भारतातला भाग त्यांच्या छायालेखनाखाली होतोय. बाजूला शांतपणे उभा असलेला सडपातळ माणूस तुम्ही नीट पाहा. तो फ्रान्सचा फ्रान्स्वा त्रुफो. स्वतः थोर दिग्दर्शक, ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ त्याचा. इथे तो नट म्हणून आलाय. क्लोद लाकोंब नावाच्या शास्त्रज्ञाचं काम करतोय.

चित्रपटाचं नाव ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक यांनी १९७२ मध्ये एक वर्गवारी मांडली होती. आकाशातली अनोळखी वस्तू जवळून दिसली तर ती पहिल्या प्रकारची भेट, तिने जमिनीवर काही खूण ठेवली तर दुसऱ्या प्रकारची आणि तिच्यातले जीवच समोर आले तर तिसऱ्या प्रकारची. हायनेक या चित्रपटाचे सल्लागार आहेत आणि शेवटच्या प्रसंगात पाइप घेतलेले, पांढऱ्या दाढीचे हायनेक स्वतः क्षणभर दिसतातही.

आता शांत राहा. इशारा होतो आणि समोरचा जमाव गाऊ लागतो.

पाच स्वर. पुन्हा तेच पाच. पुन्हा तेच. डोंगरावर आपटून ते परत येतात. बाकीच्या पाहुण्यांना तो गजर वाटत असेल. तुमच्या मनात मात्र आपोआप सरगम उमटते: रे, ग, सा, मग एकदम खाली मंद्र सा आणि तिथून मंद्र प. सगळे शुद्ध स्वर. भूप शिकायला बसलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात भेटणारे चार स्वर, त्यातला षड्ज दोनदा. संगीतकार जॉन विल्यम्स यांनी चित्रीकरणाच्या आधीच अशा शेकडो पंचस्वरी रचना करून पाहिल्या आणि स्पीलबर्गबरोबर बसून त्यांतली ही एक निवडली. निवड का पटते ते मांडी घालून पाठ शिकलेल्या माणसाच्या कानाला लगेच कळतं. ही ओळ षड्जावर येऊन विसावत नाही. मध्य सा ऐकवते, मंद्र सा ऐकवते, घर दाखवते आणि मग पंचमावर जाऊन उभी राहते. वाक्य पुरं झालेलं नसतं. पुढचं कुणीतरी म्हणायचं असतं.

कॅमेऱ्यासमोर लाकोंबची मंडळी ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन जमावात शिरतात. चित्रपटात पडद्यावर पाटी येईल ती ‘धरमशाला, उत्तर भारत’ अशी. सह्याद्री हिमालयाच्या वेशात उभा आहे. दुभाष्याच्या तोंडून प्रश्न जातो: हे स्वर तुम्ही कुठून ऐकलेत? आणि शेकडो हात एकाच क्षणी वर जातात, शेकडो बोटं आकाशाकडे. कुणी बोलत नाही. गोंगाट, धूळ, गाणं, आणि अचानक हे एकमत.

पडद्यावर हा प्रसंग काही मिनिटांचाच आहे. तरी सगळा चित्रपट त्यावर तोललेला आहे. एरवी आकाशातलं गूढ एकेकट्या माणसांना भेटत असतं आणि त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. मेक्सिकोच्या वाळवंटात एक म्हातारा सांगतो की काल रात्री सूर्य उगवला आणि त्याच्यासाठी गायला. इंडियानात वीज कंपनीतला रॉय नीअरी अर्धा चेहरा भाजून घरी येतो आणि बायकोला ते पटवू शकत नाही. त्याच परिसरात बॅरी नावाचा चिमुकला मुलगा खेळण्यातल्या झायलोफोनवर तेच पाच स्वर वाजवतो, आईला त्याचा अर्थ लागत नाही. कुलाबा जिल्ह्याच्या या माळावर पहिल्यांदा एक अख्खा समाज म्हणतो: हो, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. आणि तो समाज नुसतं ऐकून थांबलेला नाही. त्याने ते स्वर गळ्यात उतरवलेत, एकमेकांना शिकवलेत, चुकले तिथे सुधारलेत. शास्त्रज्ञ येण्याआधीच तालीम सुरू झालीय.

परतताना मुंबईच्या वेशीवर अंधार पडतो. लांबवर तेलशुद्धीकरण कारखान्याचे दिवे लागलेत: मनोरे, नळ्या, जिने, प्रत्येक टोकावर दिवा. बडोद्याच्या माणसाला याचं नवल नाही; सोव्हिएत मदतीने उभारलेली कोयलीची रिफायनरी १९६५ पासून तुमच्या शहराच्या क्षितिजावर रात्रभर अशीच पेटलेली असते. पण नवख्या डोळ्यांना ते दृश्य काय करतं ते ऐका. आकाशातून उतरणारं मुख्य यान काळंकुट्ट, तारे झाकून टाकणारं असावं अशी स्पीलबर्गची आधीची कल्पना होती. भारतात असताना त्याने रात्री अशीच एक दिव्यांनी लखलखणारी रिफायनरी पाहिली आणि यानाचं रूप बदललं. चित्रपटाच्या अखेरीला जे प्रकाशाचं शहर उलटं होऊन खाली येतं, त्याचं बीज आपल्याकडच्या एका कारखान्याच्या दिव्यांत आहे.

अशी तालीम तुमच्याच शहरात कशी सुरू झाली ते पाहायला आता ९१ वर्षं मागे चला. १८८६, बडोदं.

दिव्यांचा झगमगाट नाही, मोटारी नाहीत. महाराज सयाजीराव गायकवाड जेमतेम तेवीस वर्षांचे आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून ते बारा वर्षांचे असताना इथे आले, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. अ-आ पासून सगळं इथेच शिकले. शाळेचा पहिला दिवस म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणत्या राजाला ठाऊक असणार? पुढे १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण लागू करणारे हेच. यंदा त्यांच्या आश्रयाने उस्ताद मौलाबक्ष यांनी बडोद्यात गायनशाळा सुरू केलीय. तुम्ही दारात उभे राहता. आत मुलं रांगेत बसलीयत. कुणी उस्तादांच्या घरचं नाही, कुणाच्या सात पिढ्यांत गाणं नाही. समोरच्या कागदावर मौलाबक्षांनी घडवलेल्या स्वरलिपीतल्या खुणा आहेत: कोणता स्वर, कोणतं सप्तक, किती मात्रा. गुरुजी ओळ म्हणतात, मुलं परत म्हणतात. गुरुजी मान हलवतात, पुन्हा म्हणतात. कुणी ‘याचा अर्थ काय?’ असं विचारत नाही. आधी ऐकायचं, मग जसंच्या तसं परत द्यायचं, आणि देता देता ते आपलं होतं.

तिथून तीस वर्षं पुढे. मार्च १९१६, शहर तेच. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने आणि सयाजीरावांच्या आश्रयाखाली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद इथे भरलीय. वेगवेगळ्या घराण्यांचे उस्ताद, संस्कृतचे पंडित, इंग्रजीत निबंध वाचणारे अभ्यासक एका मांडवाखाली बसलेत. श्रुती नेमक्या कुठे, राग कागदावर उतरतो का, सगळ्या देशाला चालेल अशी एक लेखनपद्धती होईल का, यावर वाद झडतायत. आवाज चढतात. पण वाद घालणाऱ्या प्रत्येकाची मूळ इच्छा एकच आहे. ज्याला आपण कधी भेटणार नाही, ज्याची भाषा आपल्याला येत नाही, त्याच्या गळ्यात आपला स्वर जावा.

याच इच्छेपोटी इंग्लंडात जॉन कर्वेन यांनी एकोणिसाव्या शतकात प्रत्येक स्वराला हाताची एकेक खूण दिली आणि पुढे हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाई यांच्या शिक्षणपद्धतीने ती जगभरच्या शाळांत नेली. हाताची मूठ म्हणजे षड्ज, तिरका पंजा म्हणजे रिषभ, आडवा पंजा म्हणजे गंधार. हाळमध्ये मुद्रित केलेले स्वर चित्रपटातला लाकोंब पुढच्याच प्रसंगात भरल्या सभागृहाला ऐकवतो, ते याच हातखुणांनी. त्याच्यातला शास्त्रज्ञ तिथे गाण्याचा मास्तर होतो.

पुन्हा १९७७. महिना सप्टेंबर, तारीख पाच. फ्लोरिडातल्या केप कॅनाव्हरलहून व्हॉयेजर-१ उडतंय. व्हॉयेजर-२ सोळा दिवसांपूर्वी गेलं. दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यात पृथ्वीचे आवाज भरलेत. त्यात साडेतीन मिनिटांची एक भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. आवाज सूरश्री केसरबाई केरकरांचा. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या, उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांची खडतर तालीम घेतलेल्या केसरबाई यावेळी मुंबईत आहेत आणि त्यांच्याकडे फार दिवस उरलेले नाहीत. १६ सप्टेंबरला त्या जातील. व्हॉयेजर-१ वरचा त्यांचा सूर त्याआधी अकरा दिवस पृथ्वी सोडून गेला.

तबकडीत ५५ भाषांतले नमस्कारही आहेत. त्यात मराठी आहे आणि गुजराती आहे. बडोद्याच्या मराठी माणसाने हे दोन्ही एकापाठोपाठ ऐकावेत. मराठीतला आवाज पृथ्वीवरच्या लोकांच्या वतीने शुभेच्छा देतो, आशीर्वाद दिल्यासारखा. गुजरातीतला आवाज अभिनंदन करतो आणि लगेच पुढे सांगतो की हा निरोप मिळाला की उलट निरोप पाठवा. घरातली भाषा आणि बाजारातली भाषा, दोन्ही मिळून तुमच्या शहराचा स्वभाव अवकाशात गेलाय: आधी भलं चिंतायचं, मग पोच मागायची.

ती पोच कशी येईल, हे पाहायला आणखी दोन महिने पुढे सरका. १६ नोव्हेंबर १९७७, न्यूयॉर्क. चित्रपटगृहाचे दिवे मालवलेत. तुमच्या शेजारी बसलेल्यांनी लहानपणी पाहिलेल्या परग्रहवासीयांच्या चित्रपटांत किरण सुटत, शहरं जळत, शेवटी सैन्य जिंकत असे. ‘द डे द अर्थ स्टुड स्टिल’सारखा १९५१ मधला अपवाद वगळला तर आकाशातून येणारा तो शत्रूच. शीतयुद्धातल्या भीतीने त्याला तो चेहरा दिला होता. या चित्रपटातही आधी भीती आहे. बॅरीच्या घराच्या दारामागचा तो नारिंगी उजेड, स्क्रू आपोआप फिरून उघडणारी झडप, आईच्या हातातून ओढलं जाणारं लेकरू, हे पाहताना तुमचेही हात खुर्चीवर आवळतात. पण बॅरी स्वतः घाबरलेला नाही. तो दाराशी जाऊन हसतो. चित्रपट हळूहळू आपल्याला आईच्या जागेवरून मुलाच्या जागेवर नेतो.

आणि भाषांकडे लक्ष ठेवा. मेक्सिकोत स्पॅनिश, लाकोंबचं फ्रेंच, अमेरिकनांचं इंग्रजी, भारतात हिंदी. प्रत्येक महत्त्वाच्या क्षणी मध्ये कुणीतरी दुभाषा उभा असतो आणि अर्धं बोलणं वाटेत सांडतं. लाकोंबचा दुभाषा लॉफलिन मुळात नकाशे काढणारा. आकाशातून सतत येणारे आकडे हे अक्षांश-रेखांश आहेत, हे सगळ्या तज्ज्ञांत त्यालाच उमगतं. माणसं माणसांना समजत नाहीत, नवरा-बायको एकाच घरात एकमेकांना समजत नाहीत, अशा जगात परग्रहाशी बोलायचं आहे. मघाशी म्हटलं होतं की चार भाषांतून ये-जा करण्याचं मोल तुम्हाला कळेल. हाच तो क्षण. दुभाष्याचं काम किती नाजूक आहे आणि त्यावर किती काही अवलंबून आहे, हे तुमच्या शहराला शिकवावं लागत नाही.

शेवटचा अर्धा तास आता. वायोमिंगमधल्या डेव्हिल्स टॉवर या उभ्या खडकामागे धावपट्टी आखलीय. प्रत्यक्षात ती अलाबामातल्या मोबाइल शहरी एका प्रचंड हँगरमध्ये उभारली होती. यान उतरतं. माणसं सिंथेसायझरवर पाच स्वर वाजवतात. उत्तर नाही. पुन्हा वाजवतात, जरा जलद. मग यानातून अतिखर्जात, ट्यूबाच्या घुमाऱ्यात उत्तर येतं, इतकं की काच फुटते. इथून जे सुरू होतं ते तुम्ही मैफलीत शेकडो वेळा अनुभवलंय: सवाल-जवाब. ते एक देतात, हे परत देतात. लय वाढते. दिवे स्वरांबरोबर पळू लागतात. वाजवणाऱ्याची बोटं मागे पडतात आणि यंत्र ताबा घेतं. काय बोलणं चाललंय हे तिथल्या एकाही शास्त्रज्ञाला कळत नाही. त्यांच्यातलाच एक म्हणतो की हा शाळेचा पहिला दिवस आहे. कवळाण्याहून आलेला तो मुलगा, गायनशाळेतली ती रांग, हाळच्या माळावरचा तो जमाव, सगळे या एका वाक्यात बसतात.

सगळं झाल्यावर एक परका जीव लाकोंबसमोर येतो. लाकोंब हाताने पाच खुणा करतो. रे, ग, सा, मंद्र सा, मंद्र प. तो जीव पाहतो, आपल्या लांब बोटांनी त्याच खुणा परत करतो आणि हसतो. एवढंच. कोणतंही गुपित सांगितलं जात नाही, कसलाही करार होत नाही. मला या चित्रपटाचं सर्वात मोठं धाडस इथे वाटतं. दोन जीवसृष्टींच्या पहिल्या भेटीत ज्ञानाची देवाणघेवाण दाखवायचा मोह त्याने टाळला आणि त्याजागी गुरुजींची पहिली ओळ परत म्हणणारं पोर दाखवलं. पुढचं सगळं शिक्षण या परत म्हणण्यावर उभं राहतं, हे संगीत शिकलेला माणूस जाणतो. स्पीलबर्गने ते अख्ख्या मानवजातीसाठी मांडलं.

आता तुमच्या आजच्या दिवसात या. व्हॉयेजर-१ सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर २०१२ मध्येच गेलं. ग्लीझे ४४५ नावाच्या ताऱ्यापासून १.६ प्रकाशवर्षांवरून ते जाईल, त्याला अजून सुमारे ४०,००० वर्षं आहेत. केसरबाईंचा सूर चाललाय. पोच यायला घाई नाही. तोवर आपल्याला करण्यासारखं बरंच आहे. हा चित्रपट आपल्याकडे ‘हॉलिवूडचा जुना उडत्या तबकड्यांचा सिनेमा’ म्हणून बाजूला पडलाय. त्याला संगीताच्या वर्गात आणायला हवं. मौलाबक्षांच्या गायनशाळेचा वारसा सांगणाऱ्या बडोद्यातल्या शिक्षकांनी ते पाच स्वर फळ्यावर लिहावेत आणि मुलांना विचारावं की ही ओळ पंचमावर का थांबली, पुढे तुम्ही काय म्हणाल. आणि खालापूर तालुक्यातल्या हाळमध्ये एका संध्याकाळी मैदानात पडदा लावून तो दाखवावा. १९७७ च्या त्या दिवशी ज्यांनी बोट वर केलं, त्यांतले काही आज सत्तरी-ऐंशीत असतील. नातवंडांना शेजारी बसवून त्यांनी स्वतःला पाहावं, आणि पृथ्वीच्या वतीने पहिलं उत्तर आपल्या गावाने गायलं, हे त्यांना कुणीतरी मराठीत सांगावं.